ऐंशी टक्क्यांची उणोदरी

२०१३ साली अमेरिकेत निसानच्या ‘लीफ’ या विजेवरच्या गाडीची अधिकृत रेंज ७५ मैल अशी जाहीर झाली. प्रत्यक्षात पूर्ण चार्ज केलेली लीफ ८४ मैल जायची. मधले नऊ मैल गेले कुठे? गाडीत एक सोय होती. बॅटरी जास्त वर्षं टिकावी असं वाटणाऱ्या मालकाला चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता यायचं, आणि तेवढ्यावर गाडी ६६ मैल जायची. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ८४ आणि ६६ यांची सरासरी काढली आणि ७५ हा आकडा गाडीला चिकटला. पुढच्या वर्षी निसानने अमेरिकेतल्या लीफमधून ८० टक्क्यांची सोयच काढून टाकली. बॅटरी तीच २४ युनिटांची, पण अधिकृत रेंज एकदम ८४ मैल झाली.

म्हणजे थांबायची मुभा देणारी गाडी कागदावर अधू ठरली, आणि ती मुभा काढून घेतल्यावर धडधाकट. मोजणाऱ्यांनी कुणावर अन्याय केला असं नाही. त्यांच्यापुढे दोन आकडे होते, त्यांनी मध्य काढला. पण त्या सरासरीच्या आड एक फार जुना प्रश्न उभा आहे. हाताशी असलेलं सगळं न घेणं हे शहाणपण की करंटेपणा? जी क्षमता वापरलीच नाही, ती वाया गेली असं म्हणायचं का?

मराठी घरात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं एकाच पंगतीत मिळतात. पानात काही टाकू नये, हा संस्कार. आणि दोन घास कमी खावेत, हाही संस्कार. पहिला वाढलेल्या अन्नाबद्दल बोलतो, दुसरा वाढून घेण्याआधीच्या क्षणाबद्दल. विजेवरची गाडी घेतलेल्या माणसाला रोज रात्री नेमका हा दुसरा क्षण गाठतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जरची गन लावायची, मोबाइलवरच्या ॲपमध्ये एक रेघ असते ती बोटाने सरकवायची, आणि ठरवायचं: ८० की १००? पन्नास युनिटांच्या बॅटरीचे पैसे मोजलेत, मग रोज चाळीसच का भरायची?

याचं उत्तर आधी रसायनशास्त्रात शोधावं लागतं, कारण तिथलं उत्तर स्पष्ट आहे.

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनी कंपनीने, १९९१ साली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. या बॅटरीत लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करतात. चार्ज होताना ते ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, गाडी चालताना तिथून निघून दुसऱ्या टोकाला परततात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा हवाच असतो, त्याच्याशिवाय आतला द्रव ग्रॅफाइटशी सतत झगडत राहिला असता. पण पापुद्रा हळूहळू जाड होत जातो, आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम गिळतो. गिळलेलं लिथियम परत कामाला येत नाही. बॅटरी म्हातारी होते ती मुख्यतः अशी.

आता यातली खरी मेख. बॅटरी जितकी भरलेली, तितकी ही झीज जलद. तापमान जितकं जास्त, तितकी आणखी जलद. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटरीतला एक सेल पूर्ण भरला की सुमारे ४.२ व्होल्टवर असतो; त्या ताणाखाली दुसऱ्या टोकाच्या कणांनाही बारीक तडे जाऊ लागतात. अगदी रिकामी बॅटरीही सुखात नसते. मधला पट्टा तिला मानवतो. रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि २० टक्क्यांच्या खाली वारंवार जाऊ देऊ नका, हा सल्ला या रसायनातून आला आहे. गाडी महिनाभर नुसती उभी राहणार असेल तर निम्म्याच्या आसपास ठेवावी, हाही तिथूनच.

पण या सल्ल्यातलं एक उपकलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. अपाय १०० टक्क्यांवर पोचल्याने फारसा होत नाही, तिथे बसून राहिल्याने होतो. पहाटे पाच वाजता कोल्हापूरला निघायचं आहे आणि साडेचारला बॅटरी पूर्ण भरली, तर तिचं काही बिघडत नाही. तीच गाडी शुक्रवारी रात्री पूर्ण भरून चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात सोमवारपर्यंत उभी राहिली, तर झीज होते. काळ, उष्णता आणि भरलेपण ही तिन्ही एकत्र आली की बॅटरी खंगते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराने हे २०१२च्या उन्हाळ्यात दाखवून दिलं. तिथल्या लीफ मालकांच्या डॅशबोर्डवरच्या बारा पट्ट्यांतल्या एकेक पट्टी दिसेनाशी होऊ लागली, गाड्या जेमतेम वर्ष-दीड वर्षाच्या असताना. त्या बॅटरीला थंड ठेवायची स्वतंत्र व्यवस्था नव्हती. तक्रारी इतक्या वाढल्या की पुढच्या वर्षी निसानने बॅटरीच्या क्षमतेचीही हमी दिली: पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांच्या आत बारापैकी नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती कंपनीची.

थोडं कमी भरण्याचं हे शहाणपण जेवणात फार जुनं आहे. जैन परंपरेत बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. पहिला उपवास, तो सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याला उणोदरी म्हणतात, दिगंबर मंडळी अवमौदर्य म्हणतात. भुकेपेक्षा कमी जेवायचं. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा मानला आहे, आणि त्यातला एक घास कमी घेतला तरी ती उणोदरी होते. या व्रताची बारकाई पाहण्यासारखी आहे. उपवासात अन्न समोरच येत नाही, निर्णय एकदाच होतो. उणोदरीत ताट पुढे असतं, चव जिभेवर असते, भूक अजून थोडी शिल्लक असते, आणि त्या क्षणी हात थांबवायचा असतो. म्हणून अनेक साधूंना ती उपवासापेक्षा अवघड वाटते. आयुर्वेदाचा रस्ता वेगळा, पण तो येतो इथेच. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले: दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी, आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडायचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. ज्ञानदेवांनी नेवाशात याच श्लोकावर लिहिताना आहाराला मोजमाप हवं हे मराठीत उलगडलं.

वाग्भटाचा चौथा भाग रिकामा असण्याचं कारण आहे. पचनासाठी हालचाल व्हायला हवी, आणि हालचालीला जागा लागते. विजेवरच्या गाडीत हे अक्षरशः पाहायचं असेल तर लोणावळ्याला पूर्ण चार्ज करून खोपोलीकडे घाट उतरावा.

लोणावळा ते खोपोली हा उतार उंचीने साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी खाली येते तेव्हा सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती इंजिनाच्या आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते. विजेवरच्या गाडीत मोटर उलटी चालते, चाकांचा वेग धरून ठेवते आणि त्या ऊर्जेतला बराच भाग बॅटरीत परत ढकलते. चालकाने पाय उचलला की गाडी आपसूक मंदावते. ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावावा लागत नाही. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर घ्यायला जागा नसते. डॅशबोर्डवर सूचना येते, पाय उचलल्यावर नेहमीसारखा धरून ठेवणारा जोर जाणवत नाही, गाडी सैल सुटल्यासारखी वाटते आणि बहुतेक गाड्यांत चालकाला ब्रेक दाबत दाबतच उतरावं लागतं. घाट फुकट वीज वाटत असतो आणि भरलेल्या गाडीला ती घेता येत नाही. तीच गाडी ८० टक्क्यांवर लोणावळा सोडते तेव्हा घाटाच्या पायथ्याशी काटा थोडा वर गेलेला असतो. थोडं रिकामं असण्याचा फायदा इतक्या रोकड्या स्वरूपात क्वचित कुठे पाहायला मिळतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. बॅटरी महाग आहे, म्हणून माणूस ती जपतो. यात संयम कुठला? हा हिशेब. जैन आचार्यही याच बाजूने उभे राहतील, कारण कर्मक्षयाच्या हेतूने केलेली उणोदरी हेच तप. कंबर बारीक व्हावी म्हणून घास कमी करणं तपात बसत नाही. चार्वाकालाही ८० टक्क्यांवर थांबायला काही अडचण नसती, उलट त्याने ते आनंदाने केलं असतं, कारण सुख लांबतं.

आक्षेप खरा आहे. ॲपमधली रेघ मागे सरकवून कुणी संत होत नाही. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात म्हटलं आहे की सद्गुण करता करता अंगी येतात, पण त्यानेही कृतीमागच्या जाणत्या निवडीची अट घातली होती. मग बॅटरी जपण्याच्या सवयीत अध्यात्माला धरण्यासारखं काय आहे? एक गोष्ट आहे. ही सवय माणसाला रोज रात्री विचारते की उद्या किती लागणार आहे. पेट्रोल पंपावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे ‘टाकी फुल कर’ म्हणायचं आणि निघायचं; उद्याचा विचार करायची गरजच नाही. गरज किती हे कळल्याशिवाय संयमाला आकार येत नाही. कमी किती घ्यायचं हे कळायला पुरेसं किती हे आधी कळावं लागतं, आणि पुरेसं किती हे उद्याच्या दिवसाकडे पाहिल्यावरच ठरतं. ८० हा आकडा त्या विचाराची जागा घेऊ लागला की तोही कर्मकांड होतो.

कर्मकांड कसं फसतं हे टाटांची नेक्सॉन चालवणाऱ्यांना अनुभवता येतं. पुण्याजवळ रांजणगावात तयार होणारी नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये बाजारात आली. तिच्यातली बॅटरी निकेल-कोबाल्टची नव्हे, लिथियम-आयर्न-फॉस्फेटची. हे रसायन टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेत पुढे आलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. फॉस्फेटचा सेल पूर्ण भरतो तो ३.६५ व्होल्टच्या आसपास, त्याला ताण कमी, उष्णता जास्त सोसते. मात्र त्याची एक खोड आहे. बॅटरी ३० टक्के भरलेली असो की ७०, सेलचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. गाडीतल्या संगणकाला आत नेमकं किती आहे हे व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. तो आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहतो, आणि प्रत्येक फेरीत थोडी चूक साचत जाते. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज एकदम वर चढतो, तेव्हा कुठे संगणकाला खात्रीने कळतं की आता शंभर. सेल आपसात सारखे करण्याचं कामही मुख्यतः तिथेच होतं. म्हणून टेस्ला आपल्या फॉस्फेटवाल्या गाड्यांसाठी आठवड्यातून एकदा तरी १०० टक्के चार्ज करायला सांगते, आणि कोबाल्टवाल्यांना रोजच्यासाठी ८० सांगते.

कुणी व्हॉट्सॲपवरचा नियम वाचून फॉस्फेटची गाडी महिनोन्महिने ८० टक्क्यांवरच ठेवली, तर त्याच्या काट्यावरचा भरवसा जातो. काटा वीस दाखवत असताना आत बारा असू शकतात. नुसत्या मध्यावर राहणाऱ्याला स्वतःचा अंदाज उरत नाही, हे या रसायनाने शिकवलेलं सत्य तत्त्वज्ञांनी टिपून ठेवण्यासारखं आहे. अर्थात फॉस्फेटलाही सतत भरलेलं राहणं मानवत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या प्रयोगशाळेने तेही दाखवलं आहे. पूर्ण भरावी, हिशेब जुळू द्यावा, आणि तिथे तळ न ठोकता निघावं. दोन रसायनांना दोन आचार आहेत, आणि कुठला आचार आपला हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या गाडीचा नियम आपल्या गाडीला लावणं स्वधर्म सांगणाऱ्या गीतेला मान्य झालं नसतं.

जपण्यालाही एक वाईट टोक आहे आणि ते ओळखणं सोपं नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केलेली नाही. तिथे परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूविषयीची गुंगी. महाल बाळगणारा त्यातून सुटू शकतो आणि एका लंगोटीवर जीव टाकणारा त्यात अडकू शकतो. विजेवरच्या गाड्यांच्या मालकांमध्ये ही मूर्च्छा ठळक दिसते. बॅटरीची क्षमता अर्ध्या टक्क्याने उतरली म्हणून झोप उडते. फास्ट चार्जर नको म्हणून प्रवास टाळला जातो. एसी बंद ठेवून म्हाताऱ्या आईला मे महिन्यात घामाघूम बसवलं जातं, कारण रेंज कमी होईल. भावाच्या मुलीला स्टेशनवरून आणायचं असतं तेव्हा ‘आज चार्जिंग सायकल फुकट जाईल’ असं उत्तर मिळतं. गाडी माणसांसाठी घेतली होती हे या हिशेबात विसरलं जातं. घास कमी करणारा आणि पाहुण्याच्या ताटात हात राखून वाढणारा कंजूष बाहेरून सारखेच दिसू शकतात. दोघांच्याही डब्यात अन्न उरतं.

आणि न वापरल्याने बॅटरी टिकत नाही. उभ्या उभ्याही तो पापुद्रा जाड होतच असतो. संशोधक याला दिनदर्शिकेनुसार होणारं वार्धक्य म्हणतात. त्याहून विलक्षण निष्कर्ष स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डिसेंबर २०२४मध्ये ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात मांडला. बॅटरीच्या आयुष्याचे अंदाज बहुतेक वेळा प्रयोगशाळेत एकसारख्या प्रवाहाने तिला रिकामी करून बांधले जातात. या संशोधकांनी ९२ सेल घेतले आणि दोन वर्षं त्यांच्यावर खऱ्या रस्त्यासारखा वापर लादला: जोरात सुटणं, थांबणं, थोडी विश्रांती, मध्येच ब्रेकमधून परत आलेली वीज. एकसुरी वापराच्या तुलनेत या सेलचं आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत जास्त निघालं. सिंहगड रोडवरची गर्दी, सिग्नल, मधला एखादा मोकळा पट्टा, हे सगळं बॅटरीला मानवतं. ऑफिसात जाणं, भाजी आणणं, नातेवाइकांकडे जाणं, अशा विस्कळीत आयुष्याने ती लवकर मरत नाही. मूर्च्छेत सापडलेल्या मालकाने हा निष्कर्ष वाचावा आणि गाडी बाहेर काढावी.

न वापरलेल्या क्षमतेचे प्रकारही सगळे सारखे नसतात. शेव्हरोलेच्या ‘व्होल्ट’मध्ये १६ युनिटांची बॅटरी होती आणि कंपनीने जेमतेम दोन-तृतीयांश वापरात ठेवली, उरलेला भाग चालकाला कधी दिसलाच नाही. आजही अनेक गाड्यांच्या पडद्यावरचं १०० हे सेलचं खरं शंभर नसतं, कंपनीने वर थोडी जागा राखलेली असते. तिथे संयम अभियंत्याचा, मालकाचा नव्हे. सप्टेंबर २०१७मध्ये फ्लोरिडावर ‘इर्मा’ चक्रीवादळ येत होतं. लोक उत्तरेकडे निघाले होते. टेस्लाने काही गाड्या ७५ युनिटांची बॅटरी बसवून, सॉफ्टवेअरने ६० युनिटांवर अडवून, कमी किमतीला विकल्या होत्या. एका मालकाने कंपनीला मदत मागितली आणि कंपनीने त्या भागातल्या अशा गाड्यांची अडवलेली क्षमता दुरूनच काही दिवसांसाठी खुली केली. सुमारे तीस मैल जास्त मिळाले. ही राखीव वीज कुणाच्या व्रताची नव्हती, ती किमतीच्या गणितातून अडकून पडली होती. पण संकटात ती सुटली, हे महत्त्वाचं. राखलेलं कुणासाठी राखलं आहे आणि हाक आल्यावर ते सुटतं का, ही कसोटी मालकाच्या ८० टक्क्यांनाही लावता येते. रात्री दोन वाजता शेजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर ज्याचा हात गन काढून किल्ली उचलतो, त्याची उणोदरी खरी.

ही कसोटी चार्जिंग स्टेशनवर उघड्यावर लागते. हायवेवरच्या फूड मॉलमध्ये दोनच फास्ट चार्जर, एक बंद, दुसऱ्यावर एक गाडी आणि मागे दोन गाड्या ताटकळत. पडद्यावर आकडा: ९१ टक्के. ८०च्या पुढे चार्जिंग मुद्दामच हळू होतं, कारण भरत आलेल्या सेलमध्ये जोराने वीज ढकलली तर ते बिघडतात. वीसपासून ऐंशीपर्यंत जितका वेळ लागला, तितकाच वेळ शेवटच्या वीस टक्क्यांना लागू शकतो. चहा पीत बसलेल्या मालकाला घरी पोचायला साठही पुरले असते. तो कुणाचं काही घेत नाही, स्वतःच्या पैशाने वीज भरतो. तरी मागच्या गाडीतलं बाळ रडतं आहे, आणि तिचा काटा ११ वर आहे.

१९३०मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर आठवड्याला एका व्रतावर पत्र लिहीत. ‘मंगलप्रभात’ म्हणून ती पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. अस्तेयावरच्या पत्रात त्यांनी चोरीची व्याख्या फार ताणली, असं अनेकांना तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ज्याची आपल्याला गरज नाही ते घेणं, मालकाच्या परवानगीने घेतलं तरी, त्यांच्या लेखी चोरीच. चार्जिंगच्या रांगेत उभं राहिल्यावर ती व्याख्या ताणलेली वाटत नाही. नव्वदीतले टक्के भरणारा माणूस रांगेतल्या दोघांचा वेळ घेतो, आणि वेळ तर त्याने विकत घेतलेला नसतो. इथे बॅटरीचं हित आणि शेजाऱ्याचं हित एकाच आकड्यावर येऊन मिळतं.

बुद्धाच्या संघात वस्तूंचा हिशेब फार काटेकोर होता. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दिली, तेव्हा राजा चिडला: एक भिक्खू इतकी वस्त्रं घेऊन करणार काय, दुकान मांडणार का? त्याने जाऊन विचारलं. आनंदाने सांगितलं की ज्यांची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटू. जुन्या चीवरांचं काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादनं. जुन्या आच्छादनांचं? गाद्यांची खोळ. मग जमिनीवरच्या सतरंज्या, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी ती फडकी कुटून मातीत मिसळून जमीन लिंपायची. विनयपिटकातल्या या संवादानंतर राजाने आणखी पाचशे वस्त्रं दिली. आनंदाने घेतलं भरपूर, पण त्यातल्या एका धाग्याचाही शेवट त्याने वाऱ्यावर सोडला नव्हता.

गाडीतली बॅटरी ७०-८० टक्क्यांवर आली की रेंज कमी पडू लागते, पण ती मेलेली नसते. एका जागी उभं राहून वीज साठवायला ती चांगली उपयोगी पडते. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ साली बसवलेल्या साठवणीत लीफच्या १४८ बॅटरी पॅकची ताकद आहे, काही नवे, काही गाड्यांतून उतरलेले. छतावरच्या सौरपटलांची वीज तिथे साठते. त्यानंतर सेल फोडून त्यातलं लिथियम, निकेल, कोबाल्ट काढायचं. कोबाल्टच्या खाणी मोठ्या प्रमाणावर काँगोमध्ये आहेत आणि तिथल्या हाताने खोदणाऱ्या मजुरांत मुलंही आढळली आहेत. एक बॅटरी दोन वर्षं जास्त टिकली तर त्या खाणीत उतरण्याची एक खेप पुढे ढकलली जाते. भारतात २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण आनंदाच्या साखळीतला मधला दुवा, गाडीनंतरचा आणि भट्टीच्या आधीचा, बॅटरी कशी वापरली गेली यावरच अवलंबून असतो.

आणि इथे कर्मसिद्धान्ताला एक विचित्र अडचण येते. भारतीय दर्शनांच्या वादांत दोन दोष नेहमी काढले जात: कृतनाश, म्हणजे केलेल्याचं फळ बुडणं; आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्याचं फळ माथी येणं. आत्मा क्षणिक मानला तर हे दोन्ही दोष येतात, असं नैयायिक आणि जैन बौद्धांना सुनावत. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे दोन्ही दोष रोज घडतात. पहिल्या मालकाने चार वर्षं गाडी उन्हात शंभरावर उभी ठेवली आणि विकून मोकळा झाला; त्याचं कर्म गाडीबरोबर दुसऱ्याच्या दारी गेलं. दुसऱ्याने रात्री उशिरा चार्जिंग लावून, सावली शोधून गाडी जपली, तरी रेंज मिळते ती पहिल्याच्या निष्काळजीपणाची. उलट जपणाऱ्या पहिल्या मालकाला त्याच्या जपण्याचे पैसे मिळत नाहीत, कारण बाजार किलोमीटर विचारतो, टक्के विचारत नाही.

युरोपीय संघाने २०२३मध्ये केलेल्या बॅटरी कायद्याने यावर उपाय काढला आहे. १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक विजेवरच्या गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागेल. बॅटरी कुठल्या धातूंची, किती वेळा भरली-रिकामी झाली, किती तापमानात राहिली, किती भरलेली असायची, या नोंदी त्यात असतील, आणि योग्य अधिकार असलेल्याला त्या वाचता येतील. आपल्याकडे असा कायदा अजून नाही. तोवर जुनी विजेवरची गाडी घेणाऱ्याने सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या प्रकृतीचा अहवाल काढून मागावा. बॅटरीच्या वॉरंटीतली किती वर्षं उरली आहेत आणि ती दुसऱ्या मालकालाही लागू होते का, हे लेखी विचारावं. आणि विकणाऱ्याने तो अहवाल न मागता पुढे करावा, गाडी रोज किती टक्क्यांवर थांबायची हेही सांगावं.